नागपूर विद्यापीठाचा वर्धापनदिन आणि पोरांची गावसेवा: होळी ते पाडव्यातला आठवडा कसा वापरावा?

धरमपेठी

विद्यापीठाची शताब्दी थाटात झाली. जानेवारी २०२३ मध्ये १०८वी इंडियन सायन्स काँग्रेस अमरावती रोडच्या कॅम्पसवर भरली, तेव्हा शाळांमधली पोरं बस भरभरून आली होती. तो अभिमान मला आजही आहे. आता प्रश्न पुढच्या वर्षांचा. शंभरी एकदाच येते, ४ ऑगस्टचा वर्धापनदिन मात्र दर वर्षी येतो. झेंडा, विद्यापीठ गीत, पुरस्कार, भाषणं हे सगळं हवंच. पण त्या दिवसाचा जिल्ह्यातल्या गावांशी काही संबंध असावा असं मला फार वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

थोडी पार्श्वभूमी देतो, कारण नवीन पोरांना हे कुणी सांगत नाही. १९२३ साली विद्यापीठ सुरू झालं तेव्हा सहा महाविद्यालयं आणि ९२७ विद्यार्थी होते. त्याआधी मॉरिस आणि हिस्लॉप कॉलेजची मुलं अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षा द्यायची. पहिले कुलगुरू सर बिपिन कृष्ण बोस. पुढे याच विद्यापीठातून १९८३ साली अमरावती आणि २०११ साली गोंडवाना विद्यापीठ वेगळं झालं. आज नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया हे चार जिल्हे आपल्याकडे आहेत. आणि हे विद्यापीठ निव्वळ सरकारी पैशावर वाढलेलं नाही. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्रात तंत्रशिक्षणासाठी इस्टेट ठेवली, त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एलआयटी, उभी राहिली. समाजाने विद्यापीठाला दिलं, आता विद्यापीठाने परत द्यावं, इतकं साधं माझं म्हणणं आहे. २००५ पासून विद्यापीठाला नाव राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं आहे. ज्यांनी खंजिरीवर भजनं गाऊन गावोगाव लोकांना श्रमदानाला उभं केलं, त्यांचं नाव पदवीवर छापतो तर गावाकडे जायला नको का?

माझी भाची अमेरिकेत शिकते. मार्चमध्ये त्यांना आठवड्याची सुटी असते. तिच्या कॉलेजातली काही मुलं समुद्रावर न जाता कुठल्यातरी वस्तीत घरं दुरुस्त करायला, अन्नछत्रात काम करायला जातात. मनात आलं, आपल्याकडे होळी ते गुढीपाडवा असा पंधरवडा असतोच. त्यातला एक आठवडा विद्यापीठाने 'सेवा सप्ताह' म्हणून मोकळा ठेवला तर? आणि पोरांनी केलेल्या कामाचा हिशोब ४ ऑगस्टला दीक्षांत सभागृहात मांडला तर?

शिक्षक, माजी विद्यार्थी, गावाकडचे लोक, सगळ्यांनी मोकळेपणी लिहा.

---

बर्डीवाले काका

विषय चांगला काढलास. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली ती २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. देशभरातली ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी अशी सुरुवात होती. म्हणजे एका शताब्दीचं स्मारक म्हणून पुतळा न उभारता पोरांना फावडं देण्याचा निर्णय त्या काळच्या लोकांनी घेतला. आपल्याला वेगळं काही शोधायची गरज नाही, जे आहे तेच नीट चालवलं तरी खूप.

मी सत्तरच्या दशकात शिबिरं केली. तेव्हा दहा दिवसांचं शिबिर असायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी एखाद्या पाहुण्यांचं बौद्धिक, संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना आणि रात्री गावकऱ्यांसमोर कार्यक्रम. आमच्या तुकडीने एक पांदण रस्ता मुरूम टाकून तयार केला होता. त्या रस्त्यावरून पहिली बंडी गेली तेव्हा म्हाताऱ्या माणसांनी बैलांना कुंकू लावलं.

धुळवडीबद्दल एक सांगतो. विदर्भातल्या कितीतरी गावांत राष्ट्रसंतांच्या गुरुदेव सेवा मंडळाची माणसं धुळवडीच्या सकाळी गाव झाडतात आणि रामधून काढतात. तुझा होळी-पाडव्याचा आठवडा या मातीतलाच आहे. भाचीला सांग, आपल्याकडे हे आधीपासून आहे.

---

शिकागोची नागपूरकर

मी मूळची प्रतापनगरची, आता इकडच्या एका विद्यापीठात काम करते. भाचीने सांगितलेल्या प्रकाराला इथे 'अल्टर्नेटिव्ह स्प्रिंग ब्रेक' म्हणतात. १९९१ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठातून याची एक देशव्यापी संस्था निघाली, 'ब्रेक अवे' नावाची, आणि पद्धत बरीच पसरली.

त्यातल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली, निघण्याआधीची तयारी. बेघरांसोबत काम करायचं असेल तर त्या शहरात घरभाडं किती, लोक रस्त्यावर कशामुळे येतात, हे आठवडे आधीपासून वाचून-बोलून समजून घेतात. दुसरी, रोज रात्री गोल करून बसणं. आज काय दिसलं, काय खटकलं, उद्या काय बदलायचं, हे प्रत्येकाने बोलायचं. शिवाय दारू पूर्ण बंद.

पण इथेही एक टीका सतत होते, आणि ती रास्त आहे. आठवडाभर येऊन भिंत रंगवून गेलेल्या मुलांचा उपयोग त्या वस्तीला किती आणि मुलांनाच किती? पुढच्या वर्षी तोच गट दुसऱ्या गावाला जातो, आणि जुन्या गावात कुणी विचारायला येत नाही. धरमपेठी दादा, तुमच्या योजनेत याचं उत्तर आधीच ठरवून ठेवा.

---

काटोलचा बागाईतदार

मी बोलू का? गावाकडून बोलणारा एक तरी पाह्यजे.

आमच्या गावात पोट्टे येऊन गेले. चांगल्या घरचे, चांगल्या वळणाचे. सात दिवस शाळेत राह्यले, नाली साफ केली, झाडं लावले, पथनाट्य केलं. आमच्या बायांनी त्यायले एक दिवस झुणका-भाकर खाऊ घातली. जाताना पोरी रडत होत्या, आमच्या घरच्याही रडल्या. ते प्रेम खरं होतं, त्याले मी नावं ठेवत नाही.

पण झाडं लावले जानेवारीत. जानेवारीत लावलेल्या झाडाले मार्च, एप्रिल, मे पाणी कोण घालन? आमच्या विहिरीले संत्र्यालेच पाणी पुरत नाही. एकही झाड वाचलं नाही. पोरायचा काही दोष नाही, त्यायले जे सांगितलं ते त्यायनं केलं. दोष तारखीचा आहे.

आता तुम्ही म्हनता मार्चमध्ये या. मार्चमध्ये आमच्याकडे काय असते ते पाहा. गहू कापणीले येते, हरभरा काढून ढीग लागले असते, मृग बहाराचा संत्रा तोडणीले असते. सकाळी सहाले गाव रिकामं होते. पोट्टे प्रभातफेरी काढतीन तर ऐकायले घरी म्हातारे अन् लहान लेकरं राह्यतीन. अन् दहा वाजल्यावर ऊन असं लागते का शहरातला पोरगा फावडं धरून उभा राहू शकत नाही.

या, पण काम पाहून या. गावाले कधी काय लागते ते गावाले विचारा.

---

रासेयो सर

बागाईतदार भाऊंनी नेमकं बोट ठेवलं. मी एका महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचा (रासेयो) कार्यक्रम अधिकारी आहे, त्यामुळे दुसरी बाजूही सांगतो.

स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास नियमित काम करायचं, दोन वर्षांत २४० तास, आणि त्या दोन वर्षांत एक सात दिवसांचं विशेष शिबिर. शिबिर दत्तक गावात. नियमात 'दत्तक गाव' हा शब्द आहे, म्हणजे एकाच गावाशी नातं धरून राहणं अपेक्षितच आहे. व्यवहारात शिबिराची तारीख परीक्षेवरून ठरते. हिवाळी परीक्षा संपल्या की डिसेंबर ते फेब्रुवारी एवढीच फट मिळते, आणि सगळी महाविद्यालयं त्याच फटीत शिबिरं बसवतात. मग झाडं जानेवारीत लागतात.

मार्चबद्दल सांगायचं तर त्या महिन्यात प्रात्यक्षिकं आणि उन्हाळी परीक्षेची तयारी असते. पूर्ण आठवडा मिळणं अवघड. मात्र नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत पदवीच्या मुलांना सामाजिक सहभागाच्या प्रकल्पाला श्रेयांक आहेत. ते तास सलग सात दिवसांतच भरले पाहिजेत असं नाही. तेच तास दोन-तीन दिवसांच्या भेटींमध्ये वाटले तर पोरांचंही भलं, गावाचंही.

भाऊ, तुमच्या गावाला नेमकं कधी काय लागतं, ते सविस्तर लिहाल का?

---

काटोलचा बागाईतदार

लिहितो सर.

एक नंबर, नाल्यावरचा वनराई बंधारा. पाऊस संपला का नाल्याले डिसेंबरपर्यंत बारीक धार राह्यते. ते पाणी वाहून जाते. दिवाळीनंतर लगेच, धार चालू असतानीच, बंधारा घातला तर पाणी थांबते, आजूबाजूच्या विहिरीले पाझरते, अन् गहू-हरभऱ्याले एक-दोन पाणी जास्त भेटते. जानेवारीत नाला कोरडा. तेव्हा बंधारा घालून काय अडवनार?

कसा घालायचा तेही सांगतो, कारण पोट्टे घाई करतेत. नाल्याची अरुंद जागा पाहायची, दोन्ही काठ घट्ट पाह्यजे. सिमेंटचे रिकामे पोते घ्यायचे. रेती नाही तर मुरूम भरायचा, पण पोतं गच्च भरायचं नाही. तीन हिस्से जागा असन तर दोन हिस्से भरा अन् तोंड दाभणानं सुतळी घालून शिवा. गच्च भरलेलं पोतं गोल होते, ते दुसऱ्यावर बसत नाही, मधून पाणी जाते. थोडं रिकामं असलं का ते चपटं पसरते. खालचा थर रुंद, वरचा अरुंद, अन् विटायच्या भिंतीसारखा सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. वरच्या अंगानं चिकण माती थापायची. कमरेएवढा झाला का पुरे, त्याच्यावर उंच नेला तर पाणी बाजूनं काठ खाते. अन् मेमध्ये ते पोते काढून घ्यायचे. उन्हानं त्याचे तुकडे होतेत, मग ते प्लॅस्टिक आमच्या वावरात येते.

दोन नंबर, मार्चमध्ये विहिरीचं पाणी मोजा. हे काम सावलीत होते, बुद्धी असलेल्या पोरायचं आहे.

---

तिसरं वर्ष

मी बीएस्सीला आहे, भूगर्भशास्त्र विषय आहे, म्हणून भाऊंच्या दुसऱ्या मुद्द्यावर लिहिते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. पण त्या विहिरी मोजक्या असतात. एका गावातल्या सगळ्या विहिरी आम्ही मोजल्या तर गावाचा नकाशा तयार होईल. साधन अगदी साधं: टेप आणि टोकाला वजन. जमिनीपासून विहिरीच्या काठाची उंची वेगळी मोजून वजा करायची, नाहीतर दोन विहिरींची तुलनाच होत नाही. मोटर चालू असेल तर थांबायचं, पंप बंद करून पाणी परत भरेपर्यंत वाट पाहायची. त्यामुळे सकाळी, मोटर लागण्याआधीच गेलेलं बरं. दर वेळी काठावरच्या त्याच खुणेपासून मोजायचं, म्हणून पहिल्या भेटीत ऑईलपेंटने खूण करून ठेवायची.

बंधाऱ्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या विहिरी तीन वर्षं मोजल्या, तरच त्याचा फायदा झाला की नाही हे सांगता येईल. एका वर्षात काहीच सांगता येत नाही, कारण पाऊस दर वर्षी वेगळा असतो. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना असं काम करायचं आहे. शिबिराला नाव देतो तेव्हा ग्रेस मार्कांसाठी देतो असं लोक म्हणतात. काही जण तसे असतील, पण बहुतेकांना खरंच शिकायचं असतं. आम्हाला रांगोळी आणि रॅलीपेक्षा जड काम द्या.

---

अंबाझरीकाठ

गावाबद्दल चाललंय, पण शहरही याच विद्यापीठाचं आहे, म्हणून लिहितो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला होता. नाग नदीचं पाणी आमच्या घरात छातीपर्यंत आलं. शताब्दी वर्ष संपून जेमतेम सात आठवडे झाले होते, आणि हा तलाव विद्यापीठाच्या कॅम्पसला अगदी लागून आहे. चार माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीत वसतिगृहातली पोरं आली. कुणी पाठवलं नव्हतं. त्यांनी आईच्या खोलीतला चिखल घमेल्यांनी बाहेर काढला. सगळ्यात अवघड होतं ते पाण्याने फुगलेलं लाकडी कपाट. दरवाजे उघडेचनात. एका पोराने मागची फळी काढून आतले कागद वाचवले. त्यात वडिलांच्या पेन्शनचे कागद होते. त्या पोराचं नाव आम्ही विचारलंच नाही, इतका गोंधळ होता.

नाग नदीची सफाई महापालिका दर वर्षी पावसाळ्याआधी करते. नदी लाव्हा गावाच्या टेकड्यांतून निघून अंबाझरीत येते, शहरातून वाहते, पुढे पिवळी नदी तिला मिळते आणि मग ती कन्हानला जाते. सफाई जेसीबीचं काम आहे, पोरांना नदीत उतरवू नका, ते पाणी सांडपाण्याचं आहे, अंगाला जखम असेल तर आजार होतो. पण कुठल्या नाल्याच्या तोंडाशी मलबा टाकला आहे, कुठल्या पुलाखाली कचरा अडकतो, कुठल्या गल्लीत एकटी म्हातारी माणसं राहतात, याची यादी मार्च-एप्रिलमध्ये पोरं करू शकतात. त्या पहाटे आम्हाला सगळ्यात जास्त गरज याच यादीची होती. आमच्या शेजारी एकट्या राहणाऱ्या आजी आहेत हे बचाव पथकाला कळायला फार उशीर लागला. त्या वाचल्या, माळ्यावर चढून बसल्या होत्या.

---

मेडिकलची माजी

मी डॉक्टर आहे, गावातल्या आरोग्य शिबिरांना नेहमी जाते. वर्धापनदिनाला हमखास होणाऱ्या दोन गोष्टींबद्दल लिहिते.

पहिली रक्तदान. ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराला शिबिरांची रांग लागते. एप्रिल-मे मध्ये परीक्षा आणि सुट्ट्यांमुळे कॉलेजं रिकामी होतात, आणि रक्तपेढ्यांना तुटवडा तेव्हाच पडतो. थॅलेसेमियाच्या मुलांना रक्त बाराही महिने लागतं. पुरुषांनी दोन रक्तदानांत ९० दिवस आणि स्त्रियांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं असतं. म्हणजे एकाच दिवशी पाचशे बाटल्यांचा विक्रम करण्याऐवजी तीच मुलं चार गटांत विभागून वर्षभर बोलावली तर रुग्णांना खरा उपयोग होतो. विक्रमाचा फलक छान दिसतो हे मान्य, पण रक्तातल्या लाल पेशी सुमारे पाच-सहा आठवडेच टिकतात.

दुसरी सिकलसेल, म्हणजे लाल पेशींचा आनुवंशिक आजार. आपल्या विदर्भात हा आजार खूप आहे. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय निर्मूलन मोहीम सुरू झाली, उद्दिष्ट २०४७ पर्यंतचं. पहिली तपासणी बोटातून थेंबभर रक्त घेऊन होते, ती संशयित आली की पक्की तपासणी करावी लागते. आई-वडील दोघेही वाहक (स्वतः आजारी नाहीत, पण दोष मुलांत जाऊ शकतो असे) असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. 'प्रत्येक' यावर जोर देते, कारण लोक समजतात की पहिलं मूल आजारी झालं म्हणजे पुढची तीन चांगली होतील. तसं होत नाही. कॉलेजातल्या मुलामुलींना हे समजणं फार गरजेचं आहे, कारण लग्नाच्या वयात तेच येणार आहेत.

मुलांनी सुई हातात घ्यायची नाही. त्यांनी घरोघर जाऊन बोलावणं करायचं, नोंदी लिहायच्या, आणि पक्क्या तपासणीला जे येत नाहीत त्यांना पुन्हा जाऊन आणायचं. गळती तिथेच होते. आणि एक गोष्ट हात जोडून सांगते: कुणाचा निकाल काय आला हे चावडीवर बोलायचं नाही. एका गावात शिबिराच्या शेवटी उत्साहाने नावं वाचून दाखवली गेली. एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. ती फक्त वाहक होती, ठणठणीत होती, आणि मुलाची तपासणी झालीच नव्हती. त्या घरचं तोंड मला आजही डोळ्यांपुढून हलत नाही.

मार्चच्या उन्हात सिकलसेलचे रुग्ण असलेल्या घरी जाऊन एवढं जरी सांगितलं की दिवसभर पाणी भरपूर प्या, भर उन्हात कष्ट टाळा, गोळी चुकवू नका, तरी काहींच्या वेदना टळतील. अंगातलं पाणी कमी झालं की त्यांना त्रास उठतो.

---

बर्डीवाले काका

डॉक्टर ताई, निकाल गुप्त ठेवण्याची गोष्ट प्रत्येक शिबिराच्या पहिल्या दिवशी सांगितली पाहिजे. आमच्या काळी गावाचं सर्वेक्षण करताना आम्ही कुणाचं कर्ज किती हेही उघडपणे लिहून घ्यायचो. गाव सांगत होतं म्हणून आम्ही विचारत होतो, पण गावाला नाही म्हणायची सोय आम्ही ठेवली नव्हती.

एक शंका आहे. सगळं मोजणं, यादी, नोंदी असंच झालं तर श्रमदानाचं काय? घाम गाळल्याशिवाय शहरातल्या पोराला गाव कळत नाही असं मला अजूनही वाटतं.

---

रासेयो सर

काका, श्रमदान राहणारच. बंधाऱ्याला भरपूर घाम लागतो. मार्चमध्ये श्रमदान करायचं तर शोषखड्डे घ्यावे, सकाळी सहा ते साडेनऊ. घरामागचं सांडपाणी मुरतं, डबकं जातं, डास कमी होतात.

पण इथेही आपल्या मातीचा विचार हवा. काळ्या चिकण मातीत तीन फूट खणून दगड भरले तर पाणी मुरत नाही, खड्डा महिन्याभरात तुंबतो आणि गाव म्हणतं शोषखड्डा काही कामाचा नाही. मुरूम लागेपर्यंत खणायचं. तळाला मोठे दगड, त्यावर लहान, वर गिट्टी, आणि तोंडाशी भोकं पाडलेला माठ, त्यात नारळाच्या शेंड्या. राख, भांड्यांचं खरकटं आणि तेलकटपणा त्या शेंड्यांत अडकतो. त्या काढून बदलायच्या, हे घरातल्या बाईला दाखवून द्यायचं, आणि तिने ते केलं का हे पाहायला पुन्हा जायचं. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून लांब, आणि जिथे भूजल वर आहे तिथे नाहीच. मुरूम किती खोल आहे हे गावातल्या विहीर खणणाऱ्यांना विचारा, ते हातावर सांगतात.

---

धरमपेठी

सगळ्यांचं वाचून योजना नव्याने मांडतो.

एक गाव, किमान तीन वर्षं, आणि वर्षातून तीन भेटी. पहिली भेट ४ ऑगस्टच्या आसपास. वर्धापनदिनाचा कार्यक्रम सकाळी विद्यापीठात, आणि त्याच आठवड्यात स्वयंसेवक गावात. तेव्हा पाऊस असतो, झाडं लावायची तर तेव्हाच, तीही ज्या घराने पाणी घालायचं कबूल केलं आहे त्याच्याच अंगणात किंवा बांधावर. नाला भरून वाहताना पाहायचा आणि बंधाऱ्याची जागा गावकऱ्यांसोबत तेव्हाच ठरवायची. दुसरी भेट दिवाळीनंतर, बंधाऱ्यासाठी, हे मोठं श्रमदान. तिसरी होळीनंतर तीनच दिवस: धुळवडीला गुरुदेव सेवा मंडळासोबत गावसफाई, मग विहिरींची मोजणी आणि शोषखड्डे. सात दिवसांचं शिबिर ज्यांना नियमाने पूर्ण करायचं आहे त्यांनी ते बंधाऱ्याच्या वेळी करावं, हिवाळी परीक्षांचं वेळापत्रक पाहून.

शहरात राहणाऱ्या पोरांसाठी नाग नदीकाठच्या वस्त्यांची यादी, अंबाझरीकाठ यांनी सांगितली तशी. रक्तदान चार गटांत.

पुढच्या ४ ऑगस्टला मंचावर गावातला माणूस बोलावा, विद्यार्थ्याने विहिरींचा तक्ता दाखवावा. पाणी वाढलं नसेल तर तेही सांगावं. शंभर वर्षं जुन्या विद्यापीठाला खरं बोलायचं भय वाटू नये.

एक गट म्हणून सुरुवात करायला मी तयार आहे. सर, तुमच्या महाविद्यालयाचं दत्तक गाव आणि भाऊंचं गाव किती लांब आहे?

---

रासेयो सर

त्याच तालुक्यात आहे. आमचं दत्तक गाव बदलायची वेळ आलीच आहे. प्राचार्यांशी बोलतो. भाऊंच्या ग्रामसभेचा ठराव लागेल, त्याशिवाय मी पाऊल टाकणार नाही. गावाने बोलावलं तरच येऊ.

---

तिसरं वर्ष

सर, मी दुसऱ्या महाविद्यालयात आहे, पण मोजणीला आमच्या विभागातल्या मुलांना घ्याल का? टेप आमच्याकडे आहेत. नोंदवहीचा नमुना मी करून देते: विहिरीचा क्रमांक, काठाची उंची, पाण्याची खोली, वेळ, मोटर किती वेळ बंद होती. मालकाचं नाव नको, डॉक्टर ताईंनी सांगितलं ते विहिरींनाही लागू आहे. कुणाच्या विहिरीला पाणी किती आहे यावर गावात भांडणं होतात.

---

काटोलचा बागाईतदार

बरोबर बोलली पोरगी. विहिरीवरून भावाभावात कोर्टकचेरी झालेली मी पाह्यली आहे. नंबरच टाका.

ग्रामसभेत विषय मी मांडतो. सरपंच बाई आहेत, त्या होकार देतीन, कारण पाण्याचं दुखणं त्यायलेच जास्त माहीत. राह्याले शाळा आहे, पण पोरींसाठी संडास नीट करून घ्या लागन, ते आम्ही करतो. जेवणाचं सामान तुम्ही आणा, रांधायले बचत गटाच्या बाया येतीन, त्यायले मजुरी द्या, फुकट करून घेऊ नका.

अन् पोते आत्तापासून जमवा. नागपुरात कुठं बांधकाम चालू असन तिथं सिमेंटचे रिकामे पोते भेटतेत. एका बंधाऱ्याले काही शेकडा लागतेत. झटकून, वाळवून, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधून आणा. फाटके वेगळे काढा, त्याचा काही उपयोग नाही.